दार नसलेला पिंजरा

मित्रांनो, मी कोर्टातला साक्षीदाराचा पिंजरा. वयाने जुना आहे आणि थोडा तोऱ्यातही आहे. सुताराने मला तीन बाजूंनी कठडा केला, चौथी बाजू मोकळी ठेवली. "इथे येणारा आपल्या पायांनी येणार, आपल्या पायांनी जाणार. दार कशाला?" असं तो म्हणाला होता. तरी नाव पडलं पिंजरा. समोर आरोपीचा पिंजरा आहे. आमचं नाव एकच, म्हणून घोटाळे होतात.

सुरुवातीला मला वर्षाला पॉलिश मिळायचं. पुढे कोणी विचारेना. माझा एक पाय डुगडुगू लागला, तेव्हा त्याखाली कागदाची घडी सरकवली. तरीही माझ्याइतकं खरं या खोलीत कोणी ऐकलं नसेल.

एकदा एक कंडक्टरबाई आल्या. शाळेच्या मुलीला त्रास देणाऱ्या एका माणसाला त्यांनी बसमध्ये हटकलं होतं. त्याने त्यांचा हात पिरगळून मोडला. फिर्याद झाली, तपास झाला आणि मग तारखा सुरू झाल्या. कधी वकील आजारी, कधी साहेब रजेवर. हाताचं प्लास्टर निघालं, पण खटला निघेना. दोन वर्षांत प्रवासी साक्षीदार आपल्या जबाबावरून फिरले. मुलीच्या आईवडिलांनी तिला साक्षीला पाठवलं नाही.

"खटला सरकारच्या नावाने आहे, बाई," सरकारी वकील म्हणाले, "पण आता सगळं तुमच्या शब्दावर आहे."

पट्टेवाल्याने पुकारा केला, "फिर्यादी, पिंजऱ्यात या." समोरचा रिकामा होता, आरोपीला अजून आणलं नव्हतं. बाई थेट त्यात जाऊन उभ्या राहिल्या. कोणीतरी हसलं.

"मी काय केलंय हो, मला पिंजऱ्यात का घालता?" बाईंनी विचारलं. मला फार लाज वाटली.

पट्टेवाल्याने त्यांना माझ्याकडे आणलं. पण आता आरोपी समोर येऊन उभा राहिला आणि बाईंचा आवाजच बसला. वीस वर्षं भरल्या गाडीत थांब्यांची नावं पुकारणाऱ्या बाई आता नुसत्या पुटपुटत होत्या.

"मोठ्याने बोला, लिहून घेता येत नाही," न्यायाधीश म्हणाले.

तेवढ्यात माझा पाय डुगडुगला. बाईंनी सवयीने पाय फाकवले आणि मोडून जोडलेल्या हाताने माझी दांडी घट्ट धरली. चालत्या गाडीत उभं राहावं तशा त्या उभ्या राहिल्या. मग आवाज आला, शेवटच्या बाकापर्यंत.

आरोपीच्या वकिलांनी उलटतपासात विचारलं, "गर्दी होती. हात धक्क्याने मोडला नसेल कशावरून?"

"माझा जन्म गर्दीत गेला, साहेब. धक्का कोणता आणि पिरगळणं कोणतं, एवढं कळतं मला."

निकाल लागला तेव्हा बाई मागच्या बाकावर होत्या. आरोपी दोषी ठरला. मला इतका अभिमान वाटला की पॉलिशची आठवणही झाली नाही.

मित्रांनो, माझ्या पायाची डागडुजी सावकाश करा. आधी माझ्यात उभं राहणाऱ्याला सांभाळा. त्याला हसू नका, त्याला ताटकळत ठेवू नका.

निकालाच्याच दिवशी पुढच्या खटल्यात एका आजोबांना पुकारलं. पिंजरा म्हटल्यावर ते उंबऱ्यातच थबकले. घरी निघालेल्या कंडक्टरबाई त्यांच्यापाशी थांबल्या.

"जा आजोबा, दार नाहीये त्याला," त्या म्हणाल्या. "दांडी धरा आणि बोला."