झोपलेल्यांचा पहारेकरी

मी लहान मुलांच्या इस्पितळातल्या सर्व्हरवरचा पहारेकरी बोलतोय. सर्व्हर म्हणजे तळमजल्यावरच्या गार खोलीत सतत घुमत असणारा मोठा कॉम्प्युटर. रक्ताचे रिपोर्ट तोच सांभाळतो. मी त्यातला एक छोटासा प्रोग्राम. कोण किती राबतंय, कुणी किती जागा अडवलीय, एवढं बघायचं आणि पडद्यावर दाखवायचं. बरोबर दाखवतो की नाही, ही धाकधूक जन्मापासूनची.

पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा थक्कच झालो. आत केवढा हा संसार! शेकडो प्रोग्राम, प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाला आई, म्हणजे ज्यानं त्याला सुरू केलं तो प्रोग्राम. कुणाची आई मधेच संपली, तर क्रमांक एकचा प्रोग्राम त्या पोराला पदरात घेतो. ना विचारपूस, ना कटकट. आणि बहुतेक सगळे झोपलेले! मी घाबरलोच. मग कळलं, तब्येत चांगली असल्याची हीच खूण. हाक आली की क्षणात उठतात, काम उरकतात, पुन्हा आडवे.

मला सांभाळणारी बाई बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतली होती. बाळ घरी सासूबाईंपाशी. तिचा जीव कशातच थाऱ्यावर नव्हता. मी दर पाच मिनिटांनी डिस्कवरच्या, म्हणजे साठवणीतल्या, सगळ्या नोंदी चाळायचो; तिनं ते दर सेकंदावर आणलं.

"अगं, सर्व्हर आहे तो, पाळणा नाही," शेजारच्या टेबलावरचे दादा म्हणाले.

"असू दे हो दादा. मला बरं वाटतं."

पण एवढ्या नोंदी सेकंदात चाळून होतात थोड्याच? माझी एक फेरी संपायच्या आत दुसऱ्या फेरीसाठी माझीच नवी प्रत सुरू. एका दुपारी रिपोर्टच उघडेनात. वरून डॉक्टरबाईंचा फोन आला, "औषध किती द्यायचं ते त्या रिपोर्टवर ठरणारेय. वॉर्डातलं बाळ तापानं फणफणलंय. किती वेळ लागेल?"

तिनं मला उघडलं. मी दाखवलं: प्रोसेसर रिकामा बसलाय, मेमरी मोकळी आहे, आणि तरी डिस्कपाशी ही लांब रांग. तिनं रांगेतली नावं वाचली. जिकडेतिकडे माझंच नाव. माझ्याच प्रती, एकीमागे एक, सगळं ठीक आहे ना हे बघायला ताटकळलेल्या.

"अगं बाई! म्हणजे मीच की!"

तिनं सगळ्या प्रती थांबवल्या. रांग विरघळली. मागे अडकलेला एक बारकासा प्रोग्राम पुढे सरकला, रिपोर्ट वर पाठवला आणि काही झालंच नाही अशा थाटात झोपी गेला. मी बघतच राहिलो.

"आला गं, आला!" फोनवर डॉक्टरबाई म्हणाल्या.

तिनं मला परत पाच मिनिटांवर आणलं. मग घरी सासूबाईंना फोन लावला.

"आई, काय करतंय?"

"झोपलंय. कॅमेरा धरू का? बघतेस?"

"नको. उठेल."

आता मी अधूनमधून एक नजर टाकतो. मधल्या वेळात आतली मंडळी माझ्यावाचून कशी नांदतात, याचं नवल अजून सरत नाही. तुम्हीही हे बघायला माझ्याकडे येत जा. फक्त दार हळू लोटा.