तीन वेळा रक्त

संस्थेत त्यांना सगळे नकाशासाहेब म्हणत. परदेशांतल्या आरोग्यावर त्यांनी अकरा संशोधन प्रकल्प आखले होते आणि अकरापैकी नऊ देशांत पाऊलही ठेवलं नव्हतं. ‘तिथे आपली गरज आहे,’ असं ते प्रत्येक देशाबद्दल सांगत. त्या देशाने तसं कळवल्याचं मात्र कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

बारावा प्रकल्प एका डोंगराळ जिल्ह्यातला. तिथल्या सहाशे गरोदर बायकांचं तीन वेळा रक्त घ्यायचं, ते बर्फाच्या खोक्यांतून विमानाने आणायचं आणि किती जणींच्या अंगात रक्त कमी आहे ते जगाला सांगायचं.

तिथली भाषा येणारी संस्थेत एकच बाई होती. तळमजल्यावर पत्रांची भाषांतरं करायची. ती भाषा तिच्या आईची. आई लग्न होऊन इकडे आली, तरी लेकीशी तीच बोलत राहिली. साहेबांनी तिला बैठकीला दुभाषी म्हणून बसवलं.

पडद्यावर तिकडच्या दवाखान्याची मुख्य सिस्टर होती. तिच्यामागे कपाटाचं दार दोरीने बांधलेलं दिसत होतं. दुभाषीचं पहिलंच वाक्य ऐकून तिने विचारलं, तुझी आई आमच्या बाजूची का गं? मग तिने कामाचं विचारलं. रक्त कमी निघालं, तर त्या बाईला गोळ्या कोण देणार?

साहेब म्हणाले, गोळ्या आराखड्यात नाहीत. दिल्या तर आकडे बिघडतील. दुभाषीने सवयीप्रमाणे ते गोड करून सांगितलं, की त्यावर विचार चालू आहे.

सिस्टरने पुढचं विचारलं. वरच्या वाड्यांवरून दवाखान्यात यायला चार तास लागतात, नवव्या महिन्यात बाईने यायचं कसं? साहेबांनी नकाशावर बोट ठेवून पाहिलं. सहाच किलोमीटर तर आहे, चालणं चांगलंच असतं, असा त्यांचा निर्वाळा. साहेबांना स्वतःला दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्ट लागायची.

मग ते शेजारच्या मदतनीस डॉक्टरकडे वळून हळूच म्हणाले, “करारावर सही करेल ती. दोन कॉम्प्युटर पाठवले, की या लोकांना प्रश्न पडत नाहीत.”

दोघे हसले. सिस्टरने ते पाहिलं आणि विचारलं, काय म्हणाले?

समोरची बाई थेट आईच्या सुरात विचारत होती. तिला खोटं सांगायला दुभाषीची जीभ रेटेना. तिने शब्दाला शब्द सांगितला.

सिस्टर चिडली नाही. तिने वही ओढली. “परत सांग, बाळ. सावकाश. मला लिहून घ्यायचंय.”

आठ दिवसांनी तिकडच्या आरोग्य खात्याचं नकाराचं पत्र आलं. ते वाचून दाखवायला दुभाषीलाच बोलवावं लागलं. कॉम्प्युटरचं वाक्य आलं तसे साहेबांचे कान लाल झाले.

“हे त्यांना कुणी सांगितलं?”

“मी. सांगण्याचाच पगार घेते.”

तिची बदली जुन्या फायलींच्या खोलीत झाली. साहेबांनी पंधरवड्यात दुसरा देश शोधला आणि तोच आराखडा नाव बदलून मांडला. नवा जिल्हा सपाट, समुद्रकाठचा. तरी ‘डोंगरातल्या थंडीचा विचार करता’ हा परिच्छेद तसाच राहिला. संस्थेच्या समितीने आराखडा एकमताने मंजूर केला. वाचला कुणीच नव्हता.

दोन महिन्यांनी सिस्टरचा दुभाषीला फोन आला. तिने खात्याकडून गोळ्या मिळवल्या होत्या आणि स्वतः वाड्यांवर जाऊन एकशे दहा बायका तपासल्या होत्या. त्याचा अहवाल इकडच्या भाषेत लिहून हवा होता. नकाशासाहेबांनाही एक प्रत पाठवायचा तिचा विचार होता.

रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मायलेकी लिहायला बसल्या. आई शब्द सांगत होती. साहेबांच्या प्रतीवर काय लिहायचं, ते लेकीने विचारलं.

“काही नको,” आई म्हणाली. “नुसते आकडे पाठव. तेवढंच वाचता येतं त्यांना.”