गोळी मुठीतच विरली

मी रुमाल बोलतोय. चौकड्यांचा, सुती आणि सध्या कोरडा. कोरडं असणं अजून माझ्या अंगवळणी पडलेलं नाही.

आम्ही डझनभर भावंडं या घरात आलो. सहा बापाला, सहा लेकीला; मी लेकीचा. दोघांचे तळहात बारा महिने घामानं निथळायचे. आजोबांचेही निथळायचे म्हणे. त्यामुळे हा आजार असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. हात मिळवायची वेळ आली की बापाला नेमका खोकला यायचा.

लेक घड्याळदुरुस्ती शिकायला लागली आणि पंचाईत झाली. तिची बोटं लागली की पोलादी चाकांवर आठवडाभरात गंज धरायचा. बोटांना रबरी टोप्या घातल्या, तर त्याही घामानं निसटायच्या. तिला शिकवणाऱ्या कारागीरबाई भल्या होत्या, पण एक दिवस त्यांनी साफ सांगितलं, "हात छान बसलाय गं तुझा. पण गिऱ्हाइकाचं घड्याळ गंजवून कसं चालेल? महिनाभर बघते, मग माझा नाइलाज आहे."

त्या दिवशी लेक मला डोळ्यांना लावून रडली. मला फार वाईट वाटलं.

आईनं तिला डॉक्टरकडे नेलं. हा त्रास घराण्यात चालत येतो, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी घाम कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. तोंडाला कोरड पडेल, हेही बजावलं. दोन आठवडे गेले, फरक शून्य. "मी म्हणत नव्हतो, हा आजारच नाही म्हणून?" असं म्हणून बाप मोकळा झाला.

खरी गोम मला ठाऊक होती. लेक गोळी मुठीत धरायची आणि मग पाणी आणायला जायची. तेवढ्यात गोळी मुठीतच विरायची. उरलासुरला तुकडा ती तोंडात टाकायची आणि हात मला पुसायची. अर्धं औषध मीच घेत होतो!

कपडे धुताना आईला माझ्यावरचे पांढरे डाग दिसले. तेव्हापासून गोळी चमच्यातून जाऊ लागली आणि हळूहळू हात सुकले. तोंडही सुकलं, म्हणून पाण्याची बाटली सतत जवळ असते. महिना सरला तेव्हा कारागीरबाईंनी भिंगातून एकेक चाक तपासलं. मग त्यांनी पुढचं घड्याळ लेकीसमोर ठेवलं.

मी कपाटात गेलो. चुकल्याचुकल्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू? तरी सांगतो, तुमच्या घरी कुणाचे हात असेच भिजत असतील, तर नवे रुमाल आणण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

परवा बापाचे सहाही रुमाल ओले होते, म्हणून त्यानं मला उचललं. लेक शेजारीच उभी होती. मला मुठीत चुरगाळत, तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं, "तुझी ती डॉक्टरीण साठीच्या माणसांना बघते का गं?"

मी चिंब भिजलो होतो, पण इतका आनंद मला आजवर कधी झाला नव्हता.