गॅलरीतले हात खाली

आमची शिवगंगा चिगव्वा नगरसेविका म्हणून निवडून आली, तेव्हा लोकांनी पहिला हार मल्लेशकाकाच्या गळ्यात घातला. गुलालसुद्धा तिच्यापेक्षा त्याच्याच अंगावर जास्त. (आमच्या घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी चालतं. म्हणून काकू ती चिगव्वा आणि तिचा नवरा मात्र साधा काका.) वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला नसता तर काकाच उभा राहिला असता, हे सगळ्या शाहूपुरीला माहीत होतं. त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात फोन वाजला आणि कुणी विचारलं, "नगरसेवक आहेत का?" तर तो बिनधास्त म्हणायचा, "बोलतोय!"

मी नववीत होते. मार्चमध्ये शाळा सकाळची झाली आणि चिगव्वा म्हणाली, "भूमी, चल की महासभेला. नागरिकशास्त्र पुस्तकात वाचतीस, एकदा डोळ्यांनी बघ."

मी काय, एका पायावर तयार! त्या साली मला वक्तृत्वाची ढाल मिळाली होती आणि जिथं माईक असेल तिथं आपलं काहीतरी काम आहे असं मला वाटायला लागलं होतं.

पण चिगव्वा त्या दिवशी काळजीत होती. एसटी स्टँडच्या मागं एक बंद पडलेली शाळा आहे. तिथं तिनं खटपट करून बेघर बायकांसाठी रात्रीचा निवारा सुरू केला होता. तिच्याबरोबर जाऊन जाऊन तिथल्या सगळ्या बायका माझ्या ओळखीच्या झाल्या होत्या. बाळाबाई माझी खास. ती मलकापूरकडची. पोरानं घर विकलं आणि हिला कोल्हापूरच्या एसटीत बसवून दिलं. दिवसा ती देवळापाशी गजरे विकायची. निवारा व्हायच्या आधी ती स्टँडवरच झोपायची. झोपायची म्हणजे काय, भिंतीला टेकून बसायची, पदरात दगड बांधून. कुणी अंगाशी आलं तर मारायला.

आणि आता नव्या अंदाजपत्रकात निवाऱ्याचे पैसे काढून रस्त्यावरच्या दिव्यांना द्यायचा विषय आला होता. तो मंजूर झाला की एक एप्रिलला निवाऱ्याला कुलूप.

"बायकांना कळवलंस?" मी विचारलं.

"न्हाय. कशाला कळवायचं? आजची तरी झोप लागू दे की त्यांना."

आणखी एक भानगड होती. नव्या दिव्यांत आमच्या गल्लीचेही दिवे होते. काकानं गटनेत्यांना, कृष्णातरावांना, परस्पर शब्द देऊन टाकला होता: "आमच्या हिचं मत दिव्यांना."

सभागृहाच्या वर लोकांनी बसून बघायची गॅलरी आहे. तिच्या पहिल्या रांगेत कोण बसलं असेल? नगरसेविकांचे नवरे! ओळीनं, इस्त्रीच्या कपड्यांत. त्यांची एक पद्धत होती. नवऱ्यानं नाकाला हात लावला की बाईनं उठायचं, कानाला लावला की गप्प बसायचं. मी काकाच्या शेजारीच बसले होते, म्हणून मला लगेच कळलं. मला हसू आवरेना.

खाली सचिव विषय वाचत होते आणि सगळे एका सुरात ओरडत होते, "मंजूर! मंजूर!" विषय पुरता वाचून व्हायच्या आत मंजूर. जेवणाची वेळ झाली होती आणि खालून तांबड्या रश्श्याचा वास वर येत होता. निवाऱ्याचा विषय आला. "मंजूर!"

"थांबा!" चिगव्वा उभी राहिली. "माझा विरोध हाय."

काकाचा हात कानावर गेला. मग दोन्ही हात दोन्ही कानांवर. चिगव्वानं वर बघितलंच नाही.

कृष्णातराव उठले. माणूस वाईट नव्हता, आणि बोलायचा तर असा की ढाल त्यालाच मिळाली असती. "वैनी, निवारा चांगलाच हाय. पर निम्म्या शहरात अंधार हाय. लेकीबाळींनी जायचं कसं?" आणि त्यांनी बोट थेट वर केलं, माझ्याकडं! "ती शाळेच्या ड्रेसातली पोरगी बघा. काय गं बाळ, रातच्याला एकटीला गल्लीतनं जाताना भ्या वाटतं का न्हाय?"

अख्खं सभागृह वर बघायला लागलं. नाही म्हणावं, चिगव्वाची बाजू राखावी असं फार वाटलं. पण गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकली लावून टोळकं बसायचं आणि मी क्लासहून येताना चपला हातात घेऊन पळत यायचे, हे मलाच माहीत होतं.

"वाटतं," मी म्हणाले. चांगलं खणखणीत म्हणाले.

"ऐका!" कृष्णातराव म्हणाले. बाकं वाजली. मला वाटलं, झालं. बुडवला मी निवारा.

चिगव्वा शांतपणे म्हणाली, "खरं बोलली पोरगी. माझीच पुतणी हाय ती."

सगळ्या माना पुन्हा माझ्याकडं वळल्या.

"हिला भ्या वाटतं ते क्लासपासनं घरापतोर. घर आलं की भ्या संपलं. बाळाबाईचं कवा संपायचं? तिला घरच न्हाय. दिवं लावा की, मला बी पायजेत. पर निवारा मोडून लावलासा तर त्या उजेडात दिसणार काय? पदरात दगड बांधून बसलेली म्हातारी. ते बघायला दिवं लावायचं व्हय?"

मागनं एकजण हळूच म्हणाला, "मंजूर करा की, रस्सा गार झाला."

"असं घोळक्यात न्हाय," चिगव्वा म्हणाली. "पोल घ्या. एकेकाचं नाव पुकारा. ज्याला निवारा मोडायचाय त्यानं उभं ऱ्हाऊन आपल्या तोंडानं सांगावं."

सचिव नावं पुकारायला लागले. काही निवाऱ्याच्या बाजूनं, काही दिव्यांच्या. मग संयोगिता वहिनींचं नाव आलं. त्या उठल्या आणि सवयीनं त्यांची मान वर गॅलरीकडं वळली. त्यांच्या नवऱ्याचा हात कानावर, म्हणजे निवाऱ्याची बाजू घेऊ नको.

"महापौर साहेब," चिगव्वा म्हणाली, "एक विनंती हाय. गॅलरीतल्या पावण्यांनी हात खाली ठेवावं. त्यांची नावं सचिवांच्या यादीत न्हाईत."

हसण्याचा असा स्फोट झाला की विचारू नका! महापौरांनासुद्धा हसू आलं. "गॅलरीतले हात खाली!" ते म्हणाले. आणि खरंच, सगळ्या नवऱ्यांनी बालवाडीतल्या पोरांसारखे हात मांडीवर ठेवले. आमच्या काकानं तर मांडीखाली घातले.

संयोगिता वहिनींनी मान खाली वळवली. मग म्हणाल्या, "माझी शेवटची गाडी एकदा चुकलती. उजाडेपतोर स्टँडवर बसलतो मी. निवारा ऱ्हाऊ दे."

त्यांच्यानंतर एकाही बाईनं वर बघितलं नाही.

निवारा दोन मतांनी वाचला. मी गॅलरीत अशी टाळ्या पिटत होते की शिपायानं येऊन दटावलं. कृष्णातरावांनी शेवटपर्यंत दिव्यांच्या बाजूनं मत दिलं, पण नंतर जिन्यात ते चिगव्वापाशी थांबले. "जिंकलासा वैनी. पर अंधार हाय तिथंच हाय."

"मग पुढच्या सभेला मी दिवं मागतो, तुमी पाठिंबा द्या."

"देतो की," ते म्हणाले.

काका मात्र बाहेर पेटलेलाच. "गल्लीचं दिवं घालवलंस! आता गल्लीला तोंड कसं दावू मी?"

"तुमी नका दावू," चिगव्वा म्हणाली. "मी दावतो."

काका तरातरा दुकानाकडं निघून गेला आणि आम्ही दोघी निवाऱ्यावर. मी वाटेत मनातल्या मनात भाषण जुळवलं होतं. सभा लांबून संध्याकाळ झाली होती, बायका नुकत्या यायला लागल्या होत्या. मी धावत जाऊन बाळाबाईला मिठी मारली. "आज्जी, वाचला! निवारा बंद होणार होता, चिगव्वानं वाचवला!"

बाळाबाईनं माझी मिठी सोडवली. "बंद हुनार हुता? आनि मला कुनी सांगितलं न्हाय?" मग ती चिगव्वाकडं वळली. मला वाटलं आता ही रडणार, पाया पडणार. तर ती म्हणाली, "बरं झालं आलीस. त्यो मोरीचा नळ रातभर टपटप करतोय बघ. डोळ्याला डोळा न्हाय माझा. ह्येला काय झोप म्हनायची?"

मला रागच आला. पण चिगव्वा? चिगव्वाचा चेहरा असा फुलला, जसा निवडून आली तेव्हाही फुलला नव्हता. "खरंच की बाळाबाई, ह्येला काय झोप म्हणायची!" म्हणाली, पदर खोचला आणि सरळ मोरीत गेली.

"पाना लागंल! नुसत्या हातानं फिरत न्हाय त्यो!" बाळाबाई मागनं ओरडली.

मी दुकानात पळाले. काका गल्ल्यावर तोंड पाडून बसला होता. मी पाना मागितला, कशाला हवाय तेही सांगितलं. त्यानं तो काढून दिला. मी पायरी उतरले तशी मागनं हाक आली.

"भूमी, थांब. वायसर बी ने. नुसत्या पान्यानं टपटप थांबत न्हाय."