मोजणीच्या दिवशी

सकाळचा चहा झाल्यावर दीर म्हणाला, "वहिनी, उद्याचा दिवस बहिणीकडे जाऊन या."

थोरलीने कपबश्या गोळा केल्या आणि बरं म्हटलं. कारण विचारायची गरज नव्हती. उद्या घरांची मोजणी होती.

जुनी इमारत धोकादायक ठरवून पाडली, तेव्हापासून ही सगळी कुटुंबं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. दोन घरांच्या मध्ये नुसती प्लायवूडची फळी. शेजारचा खोकला कोणाचा, हेही ओळखू यायचं. थोरलीचा नवरा इथेच छातीच्या दुखण्याने गेला. त्यानंतरही ती सरकारी दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला जात राहिली, पगार सासूच्या हातात देत राहिली आणि स्वयंपाकाच्या ओट्याखाली अंथरूण घालून झोपत राहिली. तिला मूल नव्हतं. "एक जीव तो, त्याला जागा ती किती लागणार," असं सगळेच म्हणत. तीही म्हणे.

सरकारने नव्या घरांचा आराखडा काढला होता. जुन्या खोलीच्या बदल्यात दोन खोल्यांचं घर; पण एकाच खोलीत दोन कुटुंबं राहत असतील तर दोघांना एकेक खोली. विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली बाई हे वेगळं कुटुंब धरलं जाणार होतं. म्हणून मोजणीच्या दिवशी थोरली घरात दिसायला नको होती. धाकट्या जावेने तिची पेटी शेजारी नेऊन ठेवली, साड्या आपल्या साड्यांत मिसळल्या. सासूने तिच्या अंथरुणाची वळकटी करून माळ्यावर टाकली. कोणी वाईट बोललं नाही. दीर तर म्हणाला, "तुम्हाला काय आम्ही टाकणार आहोत का? घर मोठं मिळालं तर तुम्हालाच ऐसपैस."

दीर वाईट माणूस नव्हता. शहराची बस चालवायचा, रहिवासी समितीचा सेक्रेटरी होता, अडल्यानडल्याला धावून जायचा. भावाच्या आजारपणात त्याने रात्री जागवल्या होत्या. फक्त त्याच्या हिशेबात वहिनी हे माणूस नव्हतं, घरातली सोय होती.

थोरली बहिणीकडे गेलीच नाही. बहिणीचा संसारही एवढासाच. ती दवाखान्याच्या बागेत बाकावर जाऊन बसली, तर तिथे शेडमधली टाकलेली शिंपीण बसलेली. थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या खोलीतली म्हातारी आत्या पिशवी घेऊन आली. मग आणखी दोघी.

"आज सगळ्यांना एकदमच माहेरची आठवण आली वाटतं," शिंपीण म्हणाली.

बायका हसल्या. ऊन सरकलं तशा त्या बाकावर सरकत राहिल्या. थोरलीला राग आला नाही, रडूही आलं नाही. अंग बधिर झाल्यासारखं वाटत होतं, एवढंच. संध्याकाळी ती घरी आली आणि कणीक मळायला बसली.

पुढे शाळेच्या सभागृहात जाहीर सुनावणी झाली. आराखड्याला बऱ्याच जणांची हरकत होती. पलीकडच्या बंगल्यांतले एक निवृत्त प्राध्यापक उठले. दवाखान्यात औषधं नाहीत, बस वाटेत बंद पडतात, आणि सरकार घरं वाटत सुटलं आहे, असं ते म्हणाले. त्यांचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. दवाखान्यातल्या फाटक्या चादरी थोरली रोज पाहत होती.

उत्तर द्यायला दीर उभा राहिला. तो छान बोलला. "त्या बस चालवतं कोण? दवाखान्याच्या चादरी धुतं कोण? त्या हातांना घर द्यायचं म्हटलं की तुमच्या डोळ्यांत खुपतं. माणूस म्हणून मोजा आम्हाला, एवढंच मागतोय."

टाळ्या पडल्या. जावेनेही वाजवल्या. थोरली शेवटच्या रांगेत होती. मोजा, हा शब्द तिने ऐकला आणि ती उभी राहिली. उभं राहायचं असं तिने ठरवलेलं नव्हतं.

"त्या चादरी मी धुते," ती म्हणाली. आवाज इतका लहान होता की सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी तिला पुन्हा बोलायला सांगितलं. "चादरी मी धुते. मी यांची वहिनी. मोजणीच्या दिवशी मला घराबाहेर पाठवलं होतं. मला कोणी मोजलेलं नाही."

मग शिंपीण उठली. "मलाही," म्हणाली.

प्राध्यापकांनी संधी सोडली नाही. म्हणजे मोजणीच खोटी. योजना रद्द करा, ते म्हणाले. थोरली त्यांच्याकडे वळली. "रद्द करू नका. परत मोजा."

पण घरांचं काम थांबलं ते थांबलंच. पावसाळा पत्र्याखाली गेला. हिच्यामुळे घरं गेली, असं शेडभर झालं. नळावर थोरली आली की बायका पाठ फिरवत. दीर तिच्याशी बोलेनासा झाला. जाऊ ताट वाढून न बोलता पुढे सरकवी. सासू भिंतीकडे तोंड करून पडून राही. थोरली कामावर जाई, चादरी उकळी, पिळी, वाळत घाली. आपण बरोबर केलं की चूक, हा विचारही तिच्या मनात फार वेळ टिकत नसे.

अखेर फेरमोजणीचा हुकूम आला. त्या सकाळी तिला जा असं कोणी म्हटलं नाही. अधिकारी बाई दारात आल्या. दिराने आपली, बायकोची, मुलांची नावं सांगितली. थोरलीने स्वतःचं नाव सांगितलं. "आणि आई माझ्याकडे," दीर म्हणाला.

बाईंनी म्हातारीला विचारलं, "आजी, तुम्ही कोणाकडे राहणार?"

म्हातारी उठून बसली. हा प्रश्न आपल्याला आहे, हे समजायला तिला जरा वेळ लागला.

"थोरल्या सुनेकडे," ती म्हणाली.

दिराने मान खाली घातली. थोरली आत गेली, पेल्यात पाणी ओतलं आणि प्यायचं विसरून तशीच उभी राहिली.

घरं बांधून झाली. कोणाला दोन खोल्या, कोणाला एक. सरकारने कशावर किती खर्च करावा, हा वाद वर्तमानपत्रांत अजून चालूच आहे, आणि तो चालावाही. तो वाचताना एवढंच ध्यानात असू द्यावं: फेरमोजणीत शेडमधली माणसं पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त भरली. मधल्या काळात तिथे नवीन कोणीही राहायला आलं नव्हतं.