तात्पुरती परवानगी

वडप्याच्या आमच्या गोदामात कोणी कुठलं दार उघडायचं, कोणी माल सोडायचा आणि त्याला कोणी मंजुरी द्यायची, हे कंप्युटरवर बसवून देणं माझं काम. मुख्य नियम एकच: जो मागेल त्यानेच मंजूर करायचं नाही. नियम चांगला आहे. माणसं मात्र सुट्टीवर जातात.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या हरेशच्या मुलीचं बारसं होतं तेव्हा त्याच्या परवानग्या 'तात्पुरत्या' माझ्याकडे आल्या. दुसरा सहकारी मुबश्शिर उमरा करायला मक्केला गेला, त्याच्याही आल्या. दोघे परतले, परवानग्या परत गेल्या नाहीत. आमचे मॅनेजर केसरीनाथदादा तर कुठे गेलेच नव्हते. पासवर्ड लक्षात राहत नाही म्हणून त्यांनी मंजुरी देणंच माझ्या गळ्यात घातलं. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्याला मरायलाही सवड नव्हती.

त्यापायी अम्मीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं. आता उद्याची तारीख मिळाली होती आणि दादा म्हणत होते, तू नसलीस तर गाड्या खोळंबतील, आईबरोबर दुसऱ्या कुणाला तरी पाठव. दुसरं कोणी नव्हतं. निजामपुऱ्यात आम्ही दोघीच राहतो.

दुपारी, ऑडिट जवळ आलं म्हणून, एकाच माणसाकडे नको तितके अधिकार साचलेत का ते तपासायला घेतलं. हरेश सापडेल असं वाटलं होतं. एकच नाव आलं, अतिया. मागणार मी, मंजूर करणार मी, दार उघडणार मी, आणि नंतर नोंद पुसायची सोयही माझ्याकडेच. मनात आणलं असतं तर अख्खं गोदाम धुऊन नेलं असतं, पण तेवढं त्राण कुणात होतं? राग नाही आला, नुसतं रडू आलं.

मग एकेक परवानगी ज्याची त्याला परत केली. शेवटी दादांची उरली. ती परत करायलाही मंजुरी लागत होती, आणि तीही मला त्यांच्या वतीने स्वतःच देऊन टाकता आली असती. आजवर तेच तर करत आले होते. या वेळी नाही केलं. त्यांना नवा पासवर्ड काढून दिला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

दादा मंजुरीच्या बटणाकडे बघत बसले. "मंग उद्या गाडी अडली तं कोनाला सांगू?"

"कोणाला नाही, दादा. तुम्हीच सोडायची."

त्यांनी चष्मा पुसला, बटण दाबलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जा गो. आईला बघ."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी बांधलेली अम्मी माझा हात घट्ट धरून पडली होती, मी उठून जाईन म्हणून. दुपार गेली. झोप येत असूनही ती जागीच होती.

"तुझा फोन न्हाय वाजला आज," ती म्हणाली. "बंद हाय का?"

मी काढून बघितला. चालू होता.

"चालू हाय, अम्मी. कोणाला काम न्हाय माझ्याशी."

तेव्हा कुठे तिने माझा हात सोडला, आणि ती झोपली.