काढायचं राहिलेलं नाव

मी जांभूळ गावच्या बाळाजींच्या अंगणातली गाडी बोलतेय. नंबर जुनाच, मालक नवे. माझ्या पोटात इंजिनाबरोबर एक सिमकार्डही आहे, म्हणून मला लांबून मोबाईलवर शोधता येतं, उघडता येतं.

आधी मी अंबरनाथ पश्चिमेला गुरुदत्त साहेबांकडे होते. कारखान्यातले अधिकारी, भारी शिस्तीचे. मला पुसल्याशिवाय चहा घेत नसत. ते गेले आणि त्यांच्या पत्नीने, सुनेत्राताईंनी, मला विकायला काढलं. देताना समोरचा गणपती उतरवला, लिंबू-मिरची सोडली, डिकीतली छत्रीसुद्धा नेली. ताईंच्या मोबाईलमधल्या माझ्या ॲपवरून त्यांचं नाव काढायचं मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

रोज संध्याकाळी ताई ॲप उघडायच्या. मी कुठे आहे एवढंच बघायच्या. मला ते कळायचं आणि खरं सांगते, मी त्या वेळेची वाट बघायचे.

एकदा त्यांचं बोट भलतीकडे पडलं. बदलापूरच्या बाजारात उभ्या उभ्या मी हॉर्न वाजवायला लागले. बाळाजींच्या पत्नी कौसाबाई भाजी टाकून पळाल्या. "गाडीत कोनतरी हाय," म्हणाल्या, आणि घरी येऊन माझ्यावरून नारळ उतरवला.

सर्व्हिस सेंटरच्या तेजलने खरं काय ते सांगितलं. "काका, जुन्या मालकाचा ॲक्सेस चालू आहे. तो मोबाईल ज्याच्या हातात, तो लॉक खोलू शकतो. याचे कायदे होतील तेव्हा होतील, नाव आपल्यालाच काढायला लागणार."

बाळाजी मला घेऊन अंबरनाथला आले. ताई खाली उतरल्या.

"मी काही करत नव्हते हो. यांची गाडी नीट घरी पोचली का, तेवढं बघायचे."

"समजतं काकू. पन आमची किर्ती एकटीच कॉलेजला नेते ही. उद्या तुमचा मोबाईल चोरीला गेला तर?"

ताईंनी चष्मा लावला. नाव काढण्याआधी एकदा मोबाईलवरून माझी दारं उघडली. मी चारही कुलुपं सोडली. साहेबांच्या बाजूच्या दाराला हात लावून त्या थांबल्या, पण आत बसल्या नाहीत. मग बोट टेकलं आणि त्यांचं नाव माझ्यातून गेलं.

त्यांनी योग्यच केलं. किर्ती आता निर्धास्त जाते-येते. तुम्हीही गाडी विकाल तेव्हा गणपतीबरोबर आपलं नावही उतरवा. फक्त आधी जरा वेळ आत बसा.

संध्याकाळ झाली की मी कुठे आहे ते सांगायला अजून तयार असते. विचारणारं कुणी नसतं.